मोहोर विकायचा नाही

केवलरामला काम लागलं हे ऐकून भागीरथाने आधी देवापुढे साखर ठेवली. काम कुठलं, ते तिला नंतर कळलं.

केवलराम तिचा धाकटा दीर. कारखान्यासाठी पिपरटोल्याची जमीन गेली आणि गाव उठून नाल्यापलीकडे जाऊन बसलं, तेव्हापासून तो रिकामाच होता. गावातली जवान पोरं ठेकेदारांच्या गँगमध्ये लागली. चाळिशी उलटलेल्या, एका डोळ्याने अधू केवलरामला कोणी उभं केलं नाही. दिवसभर तो नव्या घराच्या ओट्यावर बसून समोरून जाणारे मुरमाचे ट्रक पाहायचा. म्हणून भागीरथाला आनंद झाला तो खराच होता.

तो दारात उकिडवा बसला आणि मान खाली घालून सांगू लागला. भैयालाल ठेकेदाराने राखणीला ठेवलं होतं. आंब्याचा सीझन संपेपर्यंत रोजी पक्की, आणि पुढे गँगमध्ये पाहू असंही म्हणाला होता.

"कोनची राखन, भाऊजी?" भागीरथाने विचारलं.

"आपल्याच आमराईची, वयनी. यंदाचा बहार भैयालालनं घेतला. ऑफिसातून लिलाव झाला."

देवापुढची साखर भागीरथाने उचलली नाही, कारण देवाला दिलेलं परत घ्यायचं नसतं. पण चुलीवर चहाचं आधण उकळत होतं, ते तिने उतरवून ठेवलं आणि दिराला चहा दिला नाही.

ती आमराई तिच्या सासऱ्याने, रामाजीने लावली होती. रामाजी तरुणपणी भंडाऱ्याकडून, लाखनीजवळच्या गावातून बैलगाडीने इकडे दुर्गच्या मुलखात आला. पिपरटोल्याच्या पडीक जमिनीतले दगड वेचले, कोया लावल्या, आणि उन्हाळाभर कावडीने तळ्याचं पाणी घालून झाडं जगवली. प्रत्येक झाडाला नाव होतं. लाल गालाच्या आंब्याचा तो शेंदऱ्या. खोबऱ्यासारखा घट्ट गर असलेला खोबऱ्या. चोच नसलेल्या फळाची ती नकटी. शेंदऱ्या सगळ्यांत आधी पिकायचा. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला त्याला पाड लागायचा, तेव्हा बाकीची झाडं हिरवीगारच असायची.

दर फाल्गुनात दुर्गचे व्यापारी यायचे, मोहोर पाहायचे आणि झाडावरचं पीक एकरकमी मागायचे. आजूबाजूचे सगळे असंच देऊन टाकत. रामाजी त्यांना सावलीत बसवून तंबाखू द्यायचा आणि तसाच परत पाठवायचा. मोहोर विकायचा नाही, असं त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. मोहोर म्हणजे पोटातलं लेकरू, आणि न जन्मलेलं लेकरू कोणी बाजारात नेत नसतं, असं तो म्हणायचा. पिकल्यावर आंबे तोही विकायचा, पण तोडायचे घरच्यांनीच. अखजीच्या आदल्या दिवशी सगळं घर आमराईत जायचं. सासरी गेलेल्या मुली त्यासाठी माहेरी यायच्या. पुरुष झाडावर चढायचे, बाया खाली टोपल्या धरायच्या, लेकरं गवतातले वेचायची. पहिली टोपली पितरांची. अखजीला पितरांना पाणी आणि आंबा दिल्याशिवाय घरात कोणी आंबा तोंडाला लावायचा नाही. पितरांचं झालं की जो मदतीला आला असेल त्याच्या पदरात आंबे पडायचे, मग तो जातीचा असो की परजातीचा.

जमीन गेली तेव्हा झाडांचाही मोबदला आला. रामाजी तोवर वारला होता, आणि त्याचा मोठा मुलगा, म्हणजे भागीरथाचा नवराही. मोबदला भागीरथाच्या हातात पडला आणि त्यातून तिने नाल्यापलीकडचं हे घर उभं केलं. ही गोष्ट तिने कधी लपवली नाही. झाडं आपली राहिली नाहीत, असं ती स्वतःच शेजारणींना सांगायची. पण कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या आखणीचे खुंटे आमराईपर्यंत पोचले नव्हते. गाव उठल्यावरही दोन उन्हाळे झाडं तशीच उभी राहिली, आणि दोन्ही वर्षं तिच्या घरच्यांनी नेहमीसारखी तोडणी केली. कोणी काही म्हटलं नाही.

यंदा म्हणणारा माणूस निघाला होता. भैयालाल मुळात मजूर पुरवणारा ठेकेदार. भागीरथाचा मुलगा तेजराम त्याच्याच गँगमध्ये खलाशी होता, शेडचे लोखंडी खांब उभे करायच्या कामावर. भैयालालला धंद्याची नजर होती. कामगारांच्या कॅम्पात पंजाबी, मल्याळी, बंगाली, तेलुगू अशी हजारो माणसं येऊन पडली होती, आणि सगळ्यांनाच लोणच्याला कैरी हवी होती. पिकायची वाट पाहायला त्याला वेळ नव्हता. अखजीच्या आधीच सगळी झाडं झोडपून रिकामी करायची, असं त्याने ठरवलं.

हे कळल्यावर भागीरथा एकटीच चालत कारखान्याच्या ऑफिसात गेली. जमिनीचं पाहणारे साहेब नागपूरकडचे होते. तिची बोली ऐकून त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी तिला खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं की लिलाव रीतसर झाला आहे, आता त्यांच्या हातात काही नाही. पण ठेकेदाराला सांगून ते तिच्या घरी एक टोपली आंबे पाठवतील. माणूस चांगला होता. त्याला वाटलं, प्रश्न मिटला.

"टोपली नोको, साहेब," भागीरथा म्हणाली. "मी मांगाले नाई आली. अखजीच्या आदल्या दिवशी आमी तोडाले येनार हावो, ते सांगाले आली."

साहेबांनी तिला समजावलं की ही चोरी ठरेल. ती म्हणाली, चोर सांगून येत नाहीत आणि लेकराबाळांना घेऊन भर उन्हात येत नाहीत. मग तिने खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि निघाली.

तेजरामला हे दुसऱ्या दिवशी कामावरच कळलं. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने ताट पुढे ढकललं. त्याची बायको भरल्या दिवसांची होती आणि घरात कमावणारा तो एकटाच होता. तो आईवर कधी आवाज चढवायचा नाही. आजही चढवला नाही, पण बोलला ते टोचून बोलला.

"माय, झाडाचे पैसे आपन घेतले. हे घर त्याच पैशाचं हाये. आता फळ बी आपलंच पाह्यजे, असं कसं म्हनतेस?"

"फळ नाई पाह्यजे मले," ती म्हणाली. "फळ तं बजारात बी भेटते. तोडनी पाह्यजे. तिचे पैसे कोनी देल्ले नाई अन् मी घेतले नाई."

तेजरामने विचारलं, उद्या भैयालालने कामावरून काढलं तर तोडणी शिजवून खायची का? तिने ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. त्याने हात धुतले आणि बाहेर जाऊन बसला.

अखजीला दोन दिवस उरले असताना भागीरथाची नणंद मैनाबाई आपल्या दोन मुली आणि नातवंडांना घेऊन पॅसेंजरने आली. ती केवलरामची मोठी बहीण, जिभेची तिखट. स्टेशनवरून येतानाच तिला सगळं कळलं होतं. आल्या आल्या तिने केवलरामला बोलावणं पाठवलं, पण तो आला नाही. राखण सोडून येता येत नाही, असा त्याने निरोप दिला.

ठरल्या दिवशी न्याहारी करून बाया निघाल्या. भागीरथा, मैनाबाई, तिच्या दोन मुली, शेजारच्या तीन-चार जणी आणि मागे सगळी लेकरं. टोपल्या, दोर आणि जाळी बांधलेला लांब बांबू घेऊन. गाडीबैल आता कोणाकडेच नव्हते. वाट जुनीच होती, पण अर्ध्यात ती नव्या सडकेने तुटली होती. तिथे थांबून त्यांना ट्रक जाऊ द्यावे लागले. दूर भट्टीचा धूर सरळ वर चढत होता.

आमराईत भैयालालची माणसं आधीच आली होती. सगळी पिपरटोल्याचीच होती, काही छत्तीसगढी, काही मराठी. खोबऱ्यावर चौघे चढून लांब काठ्यांनी फांद्या झोडपत होते. कैऱ्या पानांसकट, डहाळ्यांसकट पडत होत्या. खाली पोत्यांची रास लागली होती. बाया दिसल्यावर त्यांचे हात सैल पडले, पण थांबले नाहीत.

केवलराम शेंदऱ्याच्या बुंध्याशी काठी घेऊन उभा होता.

मैनाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. भागीरथा मात्र सरळ त्याच्यापुढे गेली. शेंदऱ्याला अजून कोणी हात लावला नव्हता. वरच्या फांद्यांवरचे आंबे लालसर झाले होते, दोन-चार पाडाचे खालीही पडलेले होते.

"वयनी, परत जा," केवलराम हळूच म्हणाला. "तो आताच येऊन राहिला. माही रोजी जाईन."

"तुमी राखन करा, भाऊजी. मी तुमाले काई म्हनत नाई."

"पन चढनार कोन? तेजराम कामावर. मी हा असा."

हा प्रश्न बरोबर होता. रामाजीच्या आमराईत बाई कधी झाडावर चढली नव्हती. चढायचं पुरुषांनी, हे इतकं ठरलेलं होतं की कोणी ते बोलूनही दाखवत नसे. मैनाबाईच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. बांबू वरच्या फांद्यांना पुरणार नव्हता.

भागीरथाने पायातल्या वहाणा काढल्या. लुगड्याचा ओचा वर खोचला, पदर कमरेला घट्ट आवळला, दोराचं एक टोक दंडाला बांधलं. माहेरी, लग्नाआधी, ती चिंचेवर चढायची. त्यानंतर या झाडाखाली तिने टोपल्या धरण्यात आयुष्य काढलं. आता केस पांढरे झाले होते आणि गुडघे बोलत होते. ती बुंध्याला बिलगली, पहिल्या बेचक्यात पाय रोवला आणि वर गेली.

खोबऱ्यावरच्या काठ्या थांबल्या. केवलराम काठी विसरून हात पुढे धरून उभा राहिला, जणू ती पडली तर तो झेलणार होता. ती पडली नाही. दुसऱ्या फांदीवर बसून तिने श्वास घेतला, दोराने टोपली वर ओढली आणि एकेक आंबा देठासकट खुडून टोपलीत ठेवू लागली. वरून तिला लांबवर कारखाना दिसत होता. इतक्या वर्षांत वरून काय दिसतं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

भैयालाल सायकलवरून आला तेव्हा पहिली टोपली खाली आली होती. त्याने वर पाहिलं आणि क्षणभर त्याला हसूच आलं. मग हसू गेलं. तिला तो काकी म्हणायचा, आताही म्हणाला.

"काकी, उतर जाओ. ये माल मेरा है."

ती वरून म्हणाली, "तुहाच हाये, बापू. झाड झालं का उतरीन."

भैयालालने केवलरामला सांगितलं, वर जा आणि हिला खाली आण. केवलराम हलला नाही. भैयालालने पुन्हा सांगितलं. तेव्हा केवलराम मोडक्यातोडक्या हिंदीत सुरू झाला आणि दोन शब्दांत आपल्या बोलीवर आला.

"मालिक, राखन करतो म्हनलं होतं. वयनीले हात लावतो, असं नव्हतं म्हनलं."

त्याने काठी बुंध्याला टेकवून ठेवली. भागीरथा दुसरी टोपली सोडत होती. ती त्याने खालून दोन्ही हातांनी घेतली आणि मैनाबाईकडे दिली. मैनाबाईने घेतली.

भैयालाल खोबऱ्यावरच्या माणसांवर खेकसला, काम का थांबलं म्हणून. त्यातला टिकाराम नावाचा म्हातारा छत्तीसगढी खाली उतरला आणि पोत्यावर बसला. मागोमाग बाकीचेही उतरले. रोजी मिळणार नाही, असं भैयालाल म्हणाला. टिकारामने मान डोलावली, चिलीम काढली आणि बसूनच राहिला. हाही कधीकाळी पदरात आंबे घेऊन गेलेला माणूस होता.

शेवटी भैयालालने सायकलवर माणूस पाठवून तेजरामला कामावरून बोलावून घेतलं. तो धापा टाकत आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हातापायांना गंज आणि ग्रीस. आपली आई इतक्या उंचावर बसलेली पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"माय, खाली ये," तो म्हणाला. "माह्या रोजीचा सवाल हाये. ये खाली."

"तुले जे करायचं ते तू कर, तेजा. मी तुले इथं बलावलं नाई. झाड झाल्यावर उतरीन."

सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो चढेल असं मैनाबाईला वाटलं. तो ओरडेल असं भैयालालला वाटलं. तेजराम वळला आणि आल्या वाटेने कामावर निघून गेला. आईने वरून त्याला सडकेपर्यंत पाहिलं. मग ती पुढच्या फांदीकडे सरकली.

भैयालाल उद्या सगळ्यांना पाहतो म्हणून निघून गेला. भागीरथाने शेंदऱ्या पूर्ण तोडला. दुसऱ्या कुठल्या झाडाला तिने कोणाला हात लावू दिला नाही. शेजारणी म्हणाल्या, आता आलोच आहोत तर नकटीचेही घेऊ. ती नको म्हणाली. ती उतरली तेव्हा तिचा गुडघा सोलला होता, म्हणून ती बराच वेळ बुंध्याला टेकून बसली. पहिली टोपली बाजूला ठेवून बाकीचे आंबे तिने झाडाखालीच वाटले. टिकारामच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या पंच्यांतही घातले.

अखजीला पितरांना पाणी द्यायला तेजरामच बसायला हवा होता, घरातला मोठा पुरुष तोच. तो पाटावर बसला. घागरीवर आंबा ठेवला, आजोबाचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, पाणी सोडलं. जेवताना मात्र त्याने रसाची वाटी बाजूला सारली आणि वरण-भात खाऊन उठला. आईशी तो बोलत नव्हता. भागीरथाने वाटी उचलून सुनेपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी गँगच्या हजेरीतून त्याचं नाव गेलं होतं. केवलरामचं तर गेलंच होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. तेजराम सकाळी निघायचा, गेटोगेट फिरायचा आणि संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. भैयालालने नाव कापलेल्याला दुसरे ठेकेदार लगेच घेत नसत. घरात चूल एकवेळ पेटू लागली. मैनाबाईने सोबत आणलेले तांदूळ मागे ठेवले आणि ती गावी गेली. भागीरथा सडकेच्या कामावर माती टाकायला जाऊ लागली. आपण केलं ते चूक होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. मुलाने बोलावं म्हणून तिने त्याच्यामागे भुणभुणही लावली नाही.

मग एके दिवशी भैयालालने तेजरामला बोलावलं. खांब चढवायला चांगला खलाशी मिळत नव्हता, काम अडलं होतं. भैयालाल नरमाईने बोलला. म्हणाला, तुझ्याशी माझं भांडण नाही. तुझी माय उद्या सकाळी हजेरीच्या वेळी येऊ दे. सगळ्या गँगपुढे एवढंच म्हणू दे की चूक झाली. बस, त्याच घडीला कामावर ये.

तेजराम विचार करत राहिला. घरी बायकोला कळा कधी सुरू होतील याचा नेम नव्हता. आणि आईवरचा त्याचा राग अजून गेला नव्हता. उलट तो रोज नव्याने चढत होता.

"वो नहीं आएगी," तो म्हणाला.

भैयालाल म्हणाला, ठीक, बुढ्ढी हट्टी आहे हे मलाही माहीत आहे. मग तिच्या वतीने तूच सांग. माँ से गलती हुई, इतकंच.

तिथे भैयालालचा मुकादम होता, दोन-चार मजूर होते. तेजरामने त्यांच्याकडे पाहिलं. ते काय ऐकायला थांबले आहेत हे त्याला समजलं.

"गलती नहीं हुई," तो म्हणाला. "वो बताके आई थी, दिन में आई थी, और एक झाड़ छोड़के दूसरे को हाथ नहीं लगाया. मैं क्या बोलूँ?"

भैयालालने विचार करायला रात्रभर मुदत दिली. तेजराम म्हणाला, रात्र लागणार नाही, आणि बाहेर पडला.

घरी येऊन त्याने आईला सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलत होता.

"तुह्यासाठी केलं असं समजू नोको," तो म्हणाला. "मले अजून बी वाटते का तू जायला नोको होतं."

"नाई समजत," भागीरथा म्हणाली. "जेवून घे."

पावसाळ्याच्या तोंडावर तेजरामला रेल्वे सायडिंगवर माल उतरवायचं काम लागलं. खलाशाच्या मानाने हलकं काम होतं आणि रोजीही कमी. तोवर त्याला मुलगी झाली होती. कारखान्याच्या मोठ्या कामावर परत चढायला त्याला पुढे दोन वर्षं लागली, आणि तेव्हा तो दुसऱ्याच ठेकेदाराकडे गेला. केवलरामला पक्कं काम असं कधी लागलंच नाही. तो घरापुढे भाजी लावायचा आणि कॅम्पात नेऊन विकायचा. पण मैनाबाई आली की आता तो समोर येऊन बसायचा.

तोडणीच्याच वर्षी हिवाळ्यात सेक्टरची आखणी आमराईपर्यंत आली. झाडं पाडायचं काम निघालं आणि तेही भैयालालकडेच गेलं. त्याने पिपरटोल्यात माणूस पाठवला, चांगली रोजी कबूल केली. हाताला काम नसलेले पुष्कळ होते. तरी टिकाराम गेला नाही, केवलराम गेला नाही, गावातलं कोणीच गेलं नाही. भैयालालला राजनांदगावकडून कुऱ्हाडीवाले आणावे लागले.

चार-पाच दिवस नाल्यापलीकडून घाव ऐकू येत होते. भागीरथा आपल्या कामावर जात-येत राहिली. झाडं पडल्यावर मुकादमाने गावात सांगून पाठवलं की फांद्या आणि डहाळ्या फुकट आहेत, ज्याला जळण हवं त्याने उचलून न्यावं. त्या वर्षी थंडी कडाक्याची होती आणि जळणाची सगळीकडे ओरड होती. शेजारच्या बाया भागीरथाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, ती काय म्हणते ते पाहायला.

ती ओट्यावर नातीला तेल लावत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"ज्याले पाह्यजे त्यानं न्यावं," ती म्हणाली. "माह्या चुलीत जानार नाई."

बाया आपापल्या घरी गेल्या. फांद्या तिथेच पडून वाळल्या, मग ट्रकात भरून कुठेतरी गेल्या. पिपरटोल्यात त्या हिवाळ्यात गोवऱ्याच जळल्या.